निघून न जाणारी जीवनसत्त्वं

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभे असलेले गृहस्थ ‘ड’ जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटांच्या पुड्या मागत होते. वर्षभर दर रविवारी दुधातून घेतो, म्हणाले. रक्त तपासलं का, असं दुकानदारानं विचारताच उत्तर आलं, “जीवनसत्त्वच आहे, औषध थोडंच? जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं.”

हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांकडून मी पुष्कळदा ऐकलं आहे. दर वेळी ते मला अस्वस्थ करतं, कारण ते अर्धं खरं आहे. ‘क’ आणि ‘ब’ गटातली बहुतेक जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात आणि जादा झाली की मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. अ, ड, ई आणि के मेदात विरघळतात, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. त्याचा अर्थ मात्र वहीतच राहिला. ‘अ’ यकृतात साठतं, ‘ड’ चरबीत मुरतं. मोठ्या माणसाला ‘ड’ रोज 600 युनिट पुरतं, म्हणजे त्या गृहस्थांची एक पुडी शंभर दिवसांची झाली. कमतरता असेल तर डॉक्टर ती काही आठवडे देतात आणि थांबवतात. न थांबवता घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मग मळमळ, सततची तहान, मुतखडा. ज्या मूत्रपिंडांच्या भरवशावर ते गृहस्थ निर्धास्त होते, त्यांनाच इजा होते.

साठ्याची ही ताकद माणसाला फार पूर्वी भोगून कळली. 1597 मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स याची माणसं नोवाया झेमल्याच्या बर्फात अडकली होती. त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं. सगळे आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. सील खाणाऱ्या अस्वलाच्या यकृतात ‘अ’ प्रचंड प्रमाणात साठलेलं असतं. पण ‘अ’चा शोध लागायला 1913 उजाडलं, तोवर त्या यकृतात काय होतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

इथवर माझा निकाल सोपा होता: पाण्यात विरघळणारं बेधडक घ्या, मेदात विरघळणारं जपून. पण ही वाटणी तपासायला गेलं की टिकत नाही. ब-12 पाण्यात विरघळतं, तरी यकृत ते वर्षानुवर्षं साठवतं. ‘के’ मेदात विरघळतं, तरी त्याचा साठा जेमतेम असतो आणि लवकर संपतो. मला आता दुसरा भेद महत्त्वाचा वाटतो: शरीर स्वतः मोजून घेतं ते, आणि त्याची मोजणी चुकवून आपण आत ओततो ते. उन्हात ‘ड’ची विषबाधा होत नाही, त्वचेत तयार होणारा जादा माल ऊनच मोडून टाकतं. गाजरं आणि शेवग्याचा पाला भरपूर खाल्ला, तर फार तर तळहात पिवळे होतील. त्यातल्या कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ बेताबेतानंच बनवतं. पुडीला आणि अस्वलाच्या यकृताला अशी मोजणी नाही.

मग गोळ्या, डोस सगळेच टाळावेत? लिहायला बसलो तेव्हा माझं उत्तर ‘हो’कडे झुकलेलं होतं. आता तसं म्हणवत नाही. नवजात बाळाला वारेतून ‘के’ फार थोडं मिळतं, आईच्या दुधातूनही अल्पच. ते नसलं तर रक्त नीट गोठत नाही, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जन्मताच मांडीत इंजेक्शन देतात. ज्या ताटात भाजीही कमी आणि ती पचनी पाडणारं तेलही कमी, तिथे पाल्यातल्या कॅरोटीनचा भरवसा किती धरायचा? नवव्या महिन्यात ‘अ’ची 1 लाख युनिटं आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख, हा सरकारी डोस अशाच मुलांसाठी आहे. तो लागू पडतो, कारण यकृत तो कणगीतल्या धान्यासारखा साठवून महिनोन् महिने पुरवतं. म्हणजे साठा हा दोष नव्हेच. रिकाम्या शरीराला तो तारतो, भरलेल्याला मारतो.

म्हणून ‘नैसर्गिक की कृत्रिम’ हा वाद मला आता गौण वाटतो. साठा रिकामा आहे का, हे आधी पाहायला हवं. दर रविवारी पुडी घेत असाल, तर पुढची घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि घरात नऊ महिन्यांचं मूल असेल, तर त्याचा ‘अ’चा डोस चुकवू नका.