आधी बघ, मग बदल

मुंबईत इंग्रजी संदर्भग्रंथ काढणारी एक कचेरी होती. तिथे शेकडो नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल होती. 1995 साली शहराचं अधिकृत नाव मुंबई झालं, तरी बऱ्याच जुन्या नोंदींत 'बॉम्बे'च राहून गेलं होतं. नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा संपादकांनी नव्याने लागलेल्या मुलाला सांगितलं, "सगळीकडे मुंबई करून टाक."

मुलगा हुशार होता. त्याने लिनक्सचं टर्मिनल उघडलं आणि मजकुरातले शब्द बदलणाऱ्या 'सेड'ची कमांड लिहिली. तिरप्या रेघांच्या मध्ये आधी जुना शब्द, मग नवा. शेवटी 'जी', म्हणजे एका ओळीत शब्द कितीही वेळा आला तरी सगळे बदलतील. 'सेड'च्या पुढे 'आय' जोडला, म्हणजे बदल थेट फाइलमध्येच होईल. एन्टर दाबला आणि काम फत्ते.

शेजारच्या टेबलावरचे म्हातारे मुद्रितशोधक म्हणाले, "हा शब्द कुठे कुठे आहे ते आधी बघितलंस का रे?"

"काका, आठवड्याचं काम क्षणात झालं. त्यात बघायचं काय?"

संध्याकाळी संपादकांनी फाइली चाळल्या आणि कपाळाला हात लावला. 'बॉम्बे हायकोर्ट'चं 'मुंबई हायकोर्ट' झालं होतं. इंग्रजीत त्या न्यायालयाचं अधिकृत नाव बॉम्बेच आहे. 1883 साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पवईची आयआयटी बॉम्बे यांचंही बारसं उरकलं होतं. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये जगापुढे मांडलेला दुर्मीळ रक्तगट वैद्यकात 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. त्या नावाने शोधलं तर नोंदच सापडेना. उलट मथळे सगळे मोठ्या अक्षरांत होते. कमांडीत शब्द तसा लिहिलेला नव्हता, म्हणून मथळ्यांत बॉम्बे जसंच्या तसं राहिलं.

"साहेब, काळजी नको. आत्ता उलटं फिरवतो," मुलगा म्हणाला. त्याने मुंबईच्या जागी बॉम्बे करणारी कमांड चालवली. लगेच नवी मुंबईची 'नवी बॉम्बे' झाली आणि मुंबईकरांचे 'बॉम्बेकर' झाले. अलीकडच्या नोंदींत मुंबई पहिल्यापासूनच होतं, तेही गेलं. मूळचं कोणतं आणि आपण केलेलं कोणतं, हे आता फाइलीकडे बघून कळायला मार्गच उरला नाही.

काका एवढंच म्हणाले, "डाळ-तांदूळ मिसळले तर निवडता येतात, दूध-पाणी नाही."

नशिबाने आठवड्यापूर्वीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. ती परत आणली, पण मधल्या आठवड्याच्या दुरुस्त्या मुलाला पुन्हा हाताने कराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्याच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीही टर्मिनलच उघडलं. मुलगा चकित झाला. "काका, तुम्हीसुद्धा 'सेड'च वापरणार?"

"मग काय, एकेक फाइल वाचून डोळे फोडून घेऊ? बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी 1973-74 च्या सुमारास हे हत्यार अशाच कामांसाठी घडवलं. पण मूळच्या 'सेड'मध्ये तुझा तो 'आय' नव्हता. ते एकेक ओळ वाचायचं, बदललेली ओळ समोर टाकायचं आणि मूळ फाइलला हात लावायचं नाही. म्हणजे बघणं आपोआप व्हायचं. तू तीच पायरी गाळलीस."

काकांनी आधी सगळ्या फाइलींची प्रत केली. मग 'ग्रेप' चालवून 'बॉम्बे'पुढे येणारे शब्द वेगळे काढले आणि कोणता किती वेळा आला ते मोजून घेतलं. यादी छोटीच निघाली. कोणती नावं जशीच्या तशी ठेवायची हे संपादकांना विचारलं. 1951 चा बॉम्बे पोलीस कायदा तर तिसऱ्याच वाटेचा निघाला. त्याचं नाव पुढे 'महाराष्ट्र पोलीस कायदा' झालं होतं, म्हणून तिथे तेच घालायचं ठरलं. ज्या नावांना धक्का लावायचा नव्हता, त्यांच्या जागी काकांनी फाइलींत कुठेही नसलेल्या खुणा घातल्या. मग उरलेलं बॉम्बे बदललं आणि खुणांच्या जागी मूळ नावं परत आणली. मथळ्यांसाठी वेगळी कमांड लिहिली. हे सगळं 'आय'शिवाय चालवून निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये घेतला, 'डिफ'ने जुनं-नवं शेजारी लावून वाचलं आणि खात्री पटल्यावरच 'आय' लावला. तोही नुसता नाही, त्याला चिकटून '.बॅक' लिहिलं. त्यामुळे प्रत्येक फाइलची जुनी प्रत तिच्या शेजारीच राहिली.

दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. नवी आवृत्ती छपाईला गेली तेव्हा प्रत्येक नाव आपापल्या जागी होतं.

तात्पर्य : कमांड अक्षरं ओळखते, अर्थ ओळखत नाही, अर्थाची जबाबदारी ती चालवणाऱ्याची. म्हणून आधी जुनं जपावं, मग बघावं आणि शेवटी बदलावं.