रिकामा रकाना आणि योग्यतेची अट

सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईने न्यायशास्त्रावर लिहावं याचं कुणाला नवल वाटेल, म्हणून आधीच सांगते. मी बी.ए. संस्कृत घेऊन केलं, अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह परीक्षेपुरता घोकला आणि मग पोटासाठी संगणकाकडे वळले. अभावाचे चार प्रकार म्हणजे तेव्हा मला चार गुणांचा प्रश्न वाटायचा. नाही ते नाही, त्याचे प्रकार कसले पाडायचे? ते पाडावेच लागतात हे मला पटलं विंडोज १० मुळे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याआधी आमच्या ऑडिटरांनी यादी मागितली होती : कुठल्या मशीनवर कुठली सिस्टिम चालते. अशी यादी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून काढतात. २००० साली विंडोज सर्व्हरबरोबर आलेली ही व्यवस्था असंख्य कचेऱ्यांच्या पायात अजून उभी आहे. तिच्यात माणसांची खाती असतात तशी संगणकांचीही असतात, आणि प्रत्येक संगणकाच्या खात्यात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा रकाना असतो. तो कुणी कारकून भरत नाही. मशीन डोमेनला, म्हणजे या व्यवस्थेला, जोडलं आणि चालू झालं की ते स्वतःच डोमेन कंट्रोलरला, म्हणजे ती चालवणाऱ्या सर्व्हरला, आपली माहिती कळवतं आणि ती तिथे नोंदली जाते. शास्त्राच्या भाषेत हे शब्दप्रमाण झालं. साक्षीदार स्वतःविषयी बोलतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने पॉवरशेलमध्ये दोन ओळी लिहून यादी काढली. नावं सगळी आली, पण सिस्टिमचा रकाना झाडून सगळ्यांचा कोरा. ही आज्ञा मुळात मोजकीच माहिती परत देते. जे नाव घेऊन मागितलं नाही ते ती देत नाही, आणि देत नाही असं सांगतही नाही. नुसतं कोरं ठेवते. त्याने रकान्याचं नाव घालून पुन्हा मागितलं तेव्हा बहुतेक यादी भरली. चाळीसेक मशीन मात्र कोरीच राहिली.

“मॅडम, ही खरोखरच रिकामी आहेत.”

“कशावरून?”

“दिसतंय ना, काहीच नाहीये.”

या एका वाक्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, अभाव हाही एक पदार्थ आहे आणि तो डोळ्यांनीच दिसतो. कणादाच्या सहा पदार्थांत पुढच्या वैशेषिकांनी हा सातवा घातला. मीमांसक प्रभाकराचे अनुयायी यावर खांदे उडवतात : दिसते ती मोकळी जमीन, ‘घड्याचा अभाव’ नावाची वस्तू तिच्यावर कुठून आणता? दुसरा मीमांसक कुमारिल, त्याने तिसरीच वाट काढली. अभाव आहे, पण डोळा त्याला भिडू शकत नाही, कारण डोळा भिडतो तो असलेल्या वस्तूला. म्हणून अभावाच्या ज्ञानाला वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं, ते म्हणजे अनुपलब्धी, वस्तू न आढळणं. हेच पुढे अद्वैत्यांनी उचललं, आणि धर्मराजाध्वरींद्राच्या वेदान्तपरिभाषेत ते सहावं प्रमाण म्हणून बसलं. बौद्ध धर्मकीर्तीने मात्र त्याला अनुमानाच्याच घरात ठेवलं.

मला या भांडणात कोण जिंकलं याच्यापेक्षा भांडणाऱ्यांचं कशावर एकमत होतं ते महत्त्वाचं वाटतं. एक अट यांतले बहुतेक जण या ना त्या रूपात मान्य करतात, ती म्हणजे योग्यता. वस्तू तिथे असती तर ती मला दिसलीच असती, एवढं म्हणता आलं तरच तिचं न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. पिशाच दिसलं नाही यावरूनही नाही, कारण ते दिसण्याजोगं आहे असं कुणी म्हटलेलंच नाही. धर्मकीर्ती तर रोखठोक सांगतो : मुळातच आपल्या आवाक्याबाहेर असलेली वस्तू दिसली नाही, तर त्यातून फक्त संशय निघतो.

डिरेक्टरी ही या अटीची भारी तालीम आहे. रकान्यात मूल्य नसेल तर उत्तरातून तो रकाना गळतो. रकान्यात मूल्य आहे, पण तुम्हाला ते वाचायचा हक्क नाही, तरीही तो गळतो. दोन्ही वेळा तीच शांतता. खिडकी उघडून पाहिलं तरी दोन्हीकडे ‘नॉट सेट’ एवढंच लिहिलेलं. स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड ठेवणारी लॅप्स नावाची सोय तर मुद्दाम यावरच उभी आहे. एकाच क्षणी एकाच खात्यात माझ्यासाठी पासवर्ड असतो आणि त्या मुलासाठी नसतो. रकान्याबद्दल बोलण्याआधी बघणाऱ्याबद्दल बोलावं लागतं.

म्हणून आम्ही आधी बघणारा तपासला. लेखा विभागाच्या मशीनवर वाचनाचे हक्क पूर्वीच आवळून ठेवलेले होते, आणि यादी काढणाऱ्या खात्याला ते नव्हते. हक्क दिल्याबरोबर निम्मं कोरेपण गेलं. मग कुठून बघतोय ते पाहिलं. ३२६८ पोर्टवर विचारलं तर ग्लोबल कॅटलॉग उत्तर देतो, आणि त्याच्याकडे प्रत्येक खात्याची निवडकच माहिती असते. सगळं हवं तर ३८९ वर विचारावं लागतं. दुसऱ्या गावच्या कंट्रोलरकडे बदल पोचायला वेळही लागतो. दोन साइट्समध्ये मूळ ठरलेलं अंतर १८० मिनिटांचं असतं.

एवढं झाल्यावर जे कोरं उरलं त्याला अभाव म्हणायचा हक्क आम्हाला मिळाला, आणि इथेच ते चार गुण कामाला आले. रेपॲडमिन नावाचं एक हत्यार खात्याच्या नोंदींचा इतिहास दाखवतं : कुठला रकाना कधी लिहिला, कितव्यांदा लिहिला, कुठल्या कंट्रोलरवर लिहिला. जो रकाना कधीच लिहिला गेला नाही त्याची इतिहासात ओळच नसते. लिहून नंतर पुसलेल्या रकान्याची ओळ मात्र राहते, तारखेसह आणि वाढलेल्या आकड्यासह. पडद्यावर दोघेही सारखेच ‘नॉट सेट’. तर्कसंग्रहात पहिला प्रागभाव : त्याला आरंभ नाही, पण वस्तू जन्मली की तो संपतो. दुसरा प्रध्वंसाभाव : त्याला आरंभ आहे, अंत नाही. पुसलेला रकाना पुन्हा भरता येतो हे खरं, पण नैयायिक म्हणेल की ते नवं मूल्य, जुनं गेलं ते गेलंच. बरीचशी कोरी खाती प्रागभावाची निघाली. कुणीतरी मशीन यायच्या आधी खातं उघडून ठेवलं होतं आणि ते मशीन कधी जोडलंच गेलं नव्हतं. अन्योन्याभाव आणि अत्यंताभाव यांची गाठ पडली नाही, तेव्हा त्यांना इथे ओढून आणत नाही.

देवाचा प्रश्न मला या योग्यतेच्या अटीच्या शेजारीच दिसतो. माझे एक निवृत्त स्नेही म्हणतात, “सत्तर वर्षांत एकदाही दिसला नाही, म्हणजे नाही.” हे त्या मुलाचंच वाक्य, फक्त वय जास्त. नैयायिक उदयनाने न्यायकुसुमांजलीत नेमका हा मुद्दा घेतला आहे : जे दिसण्यायोग्यच नाही त्याच्या न दिसण्याने त्याचं खंडन कसं होईल? मग सशाचं शिंगही नाकारता येणार नाही, असं प्रतिपक्ष म्हणतो. येईल, कारण शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे. सशाच्या डोक्यावर ती असती तर दिसली असती. इथवर मी उदयनाबरोबर आहे. खंडन टळलं म्हणजे सिद्धी झाली असं तोही समजत नाही, त्यासाठी तो निराळ्या युक्त्या मांडतो.

पण या अटीची दुसरी धार भाविकांना सहसा सांगितली जात नाही. योग्यता ज्या देवाला वाचवते तो दिसण्याजोगं कुठलंच आश्वासन न देणारा देव. अंगाऱ्याने ताप उतरवणारा, नवस केला की परीक्षेत पास करणारा देव स्वतः शिंगाच्या रांगेत येऊन उभा राहतो. ताप उतरला नाही, तर तिथली अनुपलब्धी पक्की. ज्याला दोन्ही हवं, म्हणजे चमत्कारही आणि खंडनापासून अभयही, त्याला उदयन मदत करत नाही.

‘तुझा अधिकार नाही म्हणून तुला दिसत नाही’ हेही मी बुवांकडून खूप ऐकलं आहे. लॅप्स सांभाळणाऱ्या बाईला हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही, कारण ते कधीकधी अक्षरशः खरं असतं. फरक असा की आमच्याकडे अधिकार कुणाला आहे याची यादी दाखवता येते. अधिकारवाल्या दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं तर दोघं एकच पासवर्ड सांगतात, आणि तो टाकला की मशीन उघडतं. बुवांनी यातलं एक जरी करून दाखवलं तरी मी ऐकायला तयार आहे. माझी वारकरी आत्या असलं काही बोलत नसे. मी वाद घातला की म्हणायची, “तुला दिसत नसेल तर नसेल गं बाई, मला पहाटे निघायचंय.” तिच्याशी माझा वाद कधी झालाच नाही, आता लक्षात येतं.

शेवटी यादीत एक डबा उरला, फायली साठवणारा. तो डोमेनला रीतसर जोडलेला होता, वाचनाचे हक्क होते, इतिहास कोरा होता. रकान्याचा अभाव सिद्ध. आणि तरी डब्यात सिस्टिम होतीच, तो लिनक्सवर चालत होता. फक्त त्याच्या बनवणाऱ्याने तो रकाना भरायची तसदी घेतलेली नव्हती. साक्षीदार गप्प राहिला म्हणून घटना घडलीच नाही, असं होत नाही.

ऑडिटरांना कोरी जागा चालत नाही. मुलगा म्हणाला, “मॅडम, मी हाताने लिनक्स लिहून टाकतो.” लिहिता येतं. पण त्या इतिहासात कुठल्या कंट्रोलरवर आणि कधी लिहिलं एवढंच राहतं, कुणी लिहिलं ते राहत नाही. पुढच्या माणसाला ते मशीनचंच बोलणं वाटलं असतं, आणि डबा बदलला तरी तिथे लिनक्सच राहिलं असतं. मी त्याला ते ‘डिस्क्रिप्शन’मध्ये टाकायला सांगितलं. तो रकाना माणसं भरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑडिटरांनी त्यावर शेरा मारला, आणि मी त्या शेऱ्याखाली सही करून फाइल परत पाठवली.