वाचून दाखवलेला कागद

एरवी खोटे बोलणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. आजाऱ्यापाशी खोटे बोलणाऱ्याला मात्र मायाळू म्हणतो. मीही एकदा असा मायाळू झालो होतो. त्या मायेचा हिशेब अजून जुळत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. माझी थोरली आत्या सांगलीला असे. चैत्रात तिचे पोट दुखू लागले, डोळे पिवळे दिसू लागले. तपासणीचा अहवाल आला तो इंग्रजीत. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही पसरलेला. डॉक्टरांनी आतेभावाला आणि मला आत बोलावले. आत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. "आईला काही सांगू नका," आतेभाऊ म्हणाला, आणि डॉक्टरांनी मान डोलावली.

घरी आल्यावर आत्याने तो कागद माझ्यापुढे धरला. "तुला इंग्रजी येतं. वाच बघू, काय लिहिलंय?"

मी वाचू लागलो. कागदावर होते एक, मी वाचले दुसरेच. "आतड्याला सूज आहे, आत्या. पथ्य पाळलंस की उतरेल."

तिला हायसे वाटले. "मग वेंगुर्ल्याला आत्ताच धावायला नको. गणपतीत जाईन." वेंगुर्ल्याला तिची धाकटी बहीण. बागेच्या वाटणीवरून दोघींचा अकरा वर्षे अबोला होता.

आत्या श्रावणात गेली.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याला बजावले आहे, की रोग्याचे आयुष्य सरत आले हे ठाऊक असले तरी, जेथे ते सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्याला अपाय होईल तेथे सांगू नये. पुष्कळ दिवस मी या वचनाच्या आडोशाला बसलो. पण त्यातला 'जेथे' मी सोयीस्करपणे गाळला होता. अपाय होईल की नाही, हे माणूस पाहून ठरवावे लागते. आम्ही आत्याकडे पाहिलेच नाही. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या, एकटीने चार मुले वाढवलेल्या त्या बाईला हे ऐकवणार नाही, असे आम्ही धरून चाललो. खरे म्हणजे ते बोलणे आम्हांला झेपणार नव्हते.

बीचम आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकन लेखकांनी १९७९ साली वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मांडली: रोग्याचा आपल्यापुरता निर्णय घेण्याचा अधिकार, त्याचे हित करणे, अहित टाळणे आणि न्याय. या चौघांत जन्मजात थोरले कोणी नाही. कोणाचे ऐकायचे ते प्रसंग पाहून ठरवायचे. आमच्या घरात मात्र 'हित' एकटेच बोलत होते, आणि तेही आमच्या तोंडून. बहिणीला भेटणे हे आत्याचे हित होते, ही गोष्ट कोणत्या डॉक्टरला कळणार? ती एकट्या आत्यालाच ठाऊक होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही असा एक प्रश्न आला होता. एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने केवळ तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला, की रोगी सज्ञान आहे, जिवावरचा प्रसंग नाही, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येते, अशा वेळी आईची संमती ही तिची संमती नव्हे. हे वाचताना मला बाहेरच्या बाकावर बसलेली आत्या दिसली. ती तर पूर्ण शुद्धीवर होती.

म्हणून सत्य रोग्याच्या अंगावर फेकावे, असे मी म्हणत नाही. कित्येकांना ऐकायचे नसते, आणि न ऐकण्याचाही माणसाला अधिकार आहे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे, एवढेच माझे म्हणणे. आत्याने विचारले नसते, तर माझे मौन कदाचित क्षम्य ठरले असते. पण तिने विचारले होते; आणि तो कागद तिच्या भाषेत असता, तर तिला माझी गरजही पडली नसती.

तेराव्याला धाकटी आत्या आली. पडवीत मला बाजूला घेऊन तिने विचारले, "तिला ठाऊक होतं का रे? ठाऊक असून आली नाही का ती?"

"नाही," मी म्हणालो, "तिला मी कळू दिलं नाही."

ती पुढे काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरे झाले असते.