गौरव आणि इतिहास

विद्यापीठांचे इतिहास-विभाग आपल्या वार्षिक अहवालात एक यादी देत असतात. अमक्या विद्यार्थ्यास डॉक्टरेट मिळाली, तमक्या प्राध्यापकांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, कोणास शिष्यवृत्ती, कोणास परिषदेचे अध्यक्षपद. पाठोपाठ हार आणि भाषणे. यात वावगे काय, असे कोणीही विचारील. रसायनशास्त्राच्या विभागाने असे केले तर मलाही शंका येणार नाही. परंतु इतिहासविद्येचा आरंभच मुळी प्रशस्तीवर विश्वास न ठेवण्यापासून होतो. भाटाने गायिले ते पुराव्यावाचून खरे मानू नये, हा तिचा पहिला धडा. तो शिकविणाऱ्यांनी स्वतःची प्रशस्ती मात्र निमूटपणे ऐकून घ्यावी काय?

हा प्रश्न नुसत्या विनयाचा नाही. ज्या तरुणाच्या पहिल्याच निष्कर्षाला हार पडला, त्याला पुढे तो निष्कर्ष मागे घेणे जड जाते. ज्या गुरूचा समारंभपूर्वक सत्कार झाला, त्याची चूक दाखविणे शिष्याला कृतघ्नपणाचे वाटू लागते. म्हणजे सत्कार जितका मनापासून, तितकी सत्याची वाट अडण्याची भीती अधिक.

तरीही गौरव करूच नये, असे मला वाटत नाही. 1950 नंतरच्या दशकात पंजाब विद्यापीठाचा इतिहास-विभाग होशियारपूर येथे होता. फाळणीने लाहोर गेले, ग्रंथालय गेले, आणि अशा विस्थापित स्थितीत त्या विभागाने सर जदुनाथ सरकार यांना गौरवग्रंथ अर्पण करण्याचे मनावर घेतले. हरिराम गुप्त यांनी तो संपादिला. त्यात जदुनाथांनी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना लिहिलेली पत्रे छापली आहेत, आणि मला त्या ग्रंथाचे खरे मोल तिथे वाटते. सिद्ध झालेला विद्वान स्तुतिलेखांत दिसतो. कागद शोधणारा, मागणारा, ताडून पाहणारा माणूस पत्रांत दिसतो. त्या विभागाने आपल्या मानकऱ्याला मखरात बसविले खरे, पण मखराची मागची बाजूही उघडी ठेवली.

यातले सरदेसाई आपल्यापैकीच म्हणावयाचे. आयुष्याचा ऐन काळ त्यांनी बडोदे सरकारच्या चाकरीत, महाराष्ट्राबाहेर काढला. विद्यापीठातील अध्यासन त्यांच्या वाट्याला आले नाही. जदुनाथांच्या शिवचरित्रावर पुण्याकडील अनेक संशोधक रुष्ट असताना या गृहस्थाने त्यांच्याशी सुमारे अर्धशतक स्नेह राखला. आपल्याकडील त्या रोषात मतभेद किती आणि दुखावलेला अभिमान किती, हे निवडून पाहण्याचे काम अजून बाकी आहे असे मला वाटते.

सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 भाग 1934 पर्यंत बाहेर पडले. मुखपृष्ठावर नाव संपादकाचे, आणि ते योग्यच आहे. पण ते रुमाल सोडून, धूळ झटकून, मोडी लावून वाचणारे कारकूनही तिथे होतेच. आम्हा कचेरीतल्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा आमचा नित्याचा अनुभव. (त्याविषयी माझी तक्रार नाही. जबाबदारी सहीवाल्याचीच असते.) मात्र जी विद्या ‘हा कागद कोणी लिहिला?’ असे प्रत्येक कागदास विचारते, तिने आपल्या यशाच्या यादीलाही तोच प्रश्न विचारावा, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.

राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न. जदुनाथांचे शिष्य कालिकारंजन कानुनगो यांचा शेरशाहावरील ग्रंथ 1921 मध्ये निघाला आणि त्याने त्यांचे नाव झाले. तेवढ्यावर त्यांना जन्मभर राहता आले असते. पण 1965 मध्ये त्यांनी तोच विषय पुन्हा हाती घेऊन, नव्या दृष्टीने, नवा ग्रंथ लिहिला. मधली 44 वर्षे त्यांनी आपल्या कीर्तीला शेवटचा शब्द मानले नव्हते, याहून वेगळा अर्थ मला काढता येत नाही. विभागाच्या अहवालात पदवी, पारितोषिक, शिष्यवृत्ती आणि प्रकाशन असे रकाने असतात. एखाद्या कारकुनाकडे त्या वर्षाची यादी आली असती, तर त्याने हा ग्रंथ ‘नवे प्रकाशन : एक’ असा चढवून पुढची ओळ घेतली असती.