शिक्षेची भूक

१० जून २००७ च्या रात्री अमेरिकेत जवळजवळ एक कोटी वीस लाख माणसे दूरचित्रवाणीसमोर बसली होती. ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा तो ८६ वा आणि शेवटचा भाग. न्यू जर्सीतल्या गुंडांच्या टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो एका साध्याशा उपाहारगृहात येऊन बसतो. बायको येते, मुलगा येतो, तळलेल्या कांद्याच्या चकत्या येतात. एक अनोळखी माणूस उठून स्वच्छतागृहाकडे जातो. बाहेर मुलीला मोटार काही केल्या नीट उभी करता येत नाही. अखेर ती धावत येते, दाराची घंटा वाजते, टोनी मान वर करतो. आणि पडदा एकदम काळा होतो. ना चित्र, ना आवाज. दहाएक सेकंदांनी नामावली सुरू होते.

पुष्कळांना प्रथम वाटले, आपली केबलच बिघडली. बिघाड नाही हे कळल्यावर मात्र ते संतापले. टोनी मेला की जगला? मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस यांनी खुलासा करण्याचे नाकारले, तेव्हा तो संताप अधिकच वाढला.

या संतापात दोन सूर होते. पहिला श्रोत्याचा. आठ वर्षे गोष्ट ऐकली, आता तिचा शेवट सांगा. ही मागणी रास्त आहे. आजीने गोष्ट अर्ध्यावर सोडली तर नातवंडेही तिला झोपू देत नाहीत. दुसरा सूर न्यायाधीशाचा. या माणसाने इतके खून केले, त्याला शिक्षा झालेली आम्हांला दिसलीच पाहिजे. चेस यांनी पुढे या दुसऱ्या सुरावरच बोट ठेवले. टोनीची लूटमार, खून आणि लबाड्या ज्यांनी आनंदाने पाहिल्या, त्याला उत्तेजन दिले, तेच आता त्याच्या शिक्षेसाठी आतुर कसे झाले, असा त्यांचा सवाल होता.

सवाल बोचरा आहे. पण गुन्हेगाराविषयी कणव वाटणे हा काही अपराध नव्हे. भासाच्या ‘ऊरुभंगा’तला मांड्या मोडून पडलेला दुर्योधन पाहून ज्याचे मन हलत नाही, त्याने नाटकाला जाऊच नये. टोनीही पहिल्या भागात असाच भेटतो. त्याच्या पोहण्याच्या तलावात उतरलेली बदके पिलांसह उडून जातात आणि हा धिप्पाड माणूस घाबरून कोसळतो. मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसून तो आपले दुःख सांगू लागतो, तेव्हा आपणही नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

खरा प्रश्न त्यानंतर येतो. १९९९ सालच्या पाचव्या भागात टोनी आपल्या मुलीला महाविद्यालये दाखवायला नेतो. वाटेत त्याला टोळीचा एक जुना फितूर दिसतो. नाव बदलून, बायकामुलांसह संसार करणारा. मुलगी मुलाखत देत असताना बाप त्या माणसाचा गळा आवळतो. यानंतर प्रेक्षक टोनीला थारा देणार नाहीत, अशी धास्ती वाहिनीच्या अधिकाऱ्यांना वाटली होती. ती खोटी ठरली. प्रेक्षक उठून गेले नाहीत, उलट वाढले. म्हणजे २००७ मध्ये ज्या निकालासाठी आरडाओरडा झाला, तो खटला १९९९ मध्येच समोर आला होता आणि त्या वेळी न्यायाधीशमहाराज पुढचा भाग कधी लागतो याची वाट पाहत होते.

कोणी म्हणेल, अहो, ही तर गोष्ट! खोट्या माणसाने केलेल्या खोट्या खुनाचा एवढा विचार कशाला? खून खोटा असतो, हे खरे. पण आपण घेतलेली बाजू खोटी नसते.

मग शेवटी शिक्षा दाखवली की बाजू घेण्याचा दोष फिटतो काय? हॉलिवूडने हा उपाय फार पूर्वी करून पाहिला. १९३४ पासून १९६८ पर्यंत तिथल्या चित्रपटांना एक आचारसंहिता लागू होती. गुन्ह्याची बाजू प्रेक्षकाला प्रिय होता कामा नये, असा तिचा दंडक. व्यवहारात त्याचे रूप असे झाले की दीड तास पापाची मजा घ्यायची आणि अखेरची दोन मिनिटे पुण्याला द्यायची. प्रेक्षक निर्मळ मनाने घरी जायला मोकळा.

अलीकडचे उदाहरण ‘ब्रेकिंग बॅड’चे. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवू लागतो. २९ सप्टेंबर २०१३ च्या अखेरच्या भागात तो मरतो. त्याआधी, हे सारे कुटुंबासाठी नव्हे, माझ्यासाठीच केले, अशी कबुली बायकोला देतो. सगळे हिशेब चुकते झाले आणि बहुतेकांचे समाधान झाले. परंतु त्याच ऑगस्टमध्ये बायकोची, स्कायलरची, भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला होता. प्रेक्षक स्कायलरचा पराकोटीचा द्वेष करीत होते आणि तो द्वेष खुद्द या अभिनेत्रीपर्यंत येऊन पोहोचला होता. स्कायलर काही निष्कलंक नव्हती. पण तिचा मुख्य अपराध इतकाच, की ती आपल्या लाडक्या गुन्हेगाराच्या आड येत होती! त्याला शिक्षा झाली. पण तिच्यावरच्या अन्यायाचा हिशेब त्या नीटस शेवटात कुठेच नव्हता.

म्हणून मला वाटते, शिक्षेच्या भुकेचे दोन प्रकार आहेत. एक भूक ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी असते, दुसरी स्वतःच्या सुटकेसाठी. पहिली भूक न्यायाची. दुसरीला केवळ आपले हात धुऊन हवे असतात. दोन्ही तितक्याच मोठ्याने ओरडतात, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. ओळखण्याची खूण एकच: त्या फितुराचे पुढे काय झाले असते, त्याच्या मुलीला कोणी काय सांगितले असेल, हे आपल्या मनात एकदा तरी आले होते का?

महाभारताचा शेवटही प्रेक्षकाला असाच चिडवणारा आहे. युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो तो समोर दुर्योधन वैभवात बसलेला! धर्मराजही संतापतो. पण तो दुर्योधनाला खाली ओढा म्हणत बसत नाही. तो तोंड फिरवतो आणि विचारतो, माझी माणसे कुठे आहेत? मग त्यांच्या शोधात तो नरकाच्या वाटेने जातो आणि त्यांचे स्वर ऐकू येताच तिथेच राहण्याचे ठरवतो.

दुर्योधनाचे काय झाले, हा प्रश्न कुतूहलाचा आहे. तो विचारायला हरकत नाही. धर्माचा प्रश्न दुसराच होता आणि तो विचारायला शेवटच्या भागापर्यंत थांबण्याची गरज नसते.