फूल घासलेली बंदूक

आमच्याकडं जुनी वस्तू घेताना माणूस आधी किंमत विचारत नाही. आधी विचारतो, "कुणाची हाय?" जुना ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर बैल असो. कुणाची हाय आणि का विकली, एवढं कळलं की मग दात बघायचे नाहीतर टायर बघायचे. शहरातल्या माणसाला वाटतं, खेड्यातले लोक चौकस. चौकस तर आहेतच. पण वस्तूबरोबर घरात आणखी काय येणार, याचा अंदाजही त्या विचारण्यात असतो.

कळसमध्ये मी बघितलेले दोन सौदे सांगतो. कर्ज थकलं म्हणून एकाचा ट्रॅक्टर लिलावाला निघाला. निम्म्या किमतीत मिळत होता, तरी गावातल्या एकानंही बोली लावली नाही. लांबचा एक व्यापारी येऊन घेऊन गेला. दुसरा सौदा बैलांचा. नवरा गेल्यावर एका बाईनं बैलजोडी विकायला काढली, ती मात्र शेजाऱ्यानंच घेतली. बाजारभावापेक्षा चार पैसे जास्तच दिले. त्याला कुणी नाव ठेवलं नाही. दोन्ही वस्तू दुःखाच्याच घरातल्या. मग एक घेणं गावाला पटलं नाही आणि दुसरं पटलं, असं का? याचं उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण शब्दात कुणी मांडत नाही. मला ते मांडावं लागलं ते एका जपानी बंदुकीमुळं.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिकडचा नागरिक झालाय. बहिणीबरोबर मीही तीन महिने त्याच्याकडं जाऊन राहिलो. त्याच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. महायुद्धातली जपानी लष्करी रायफल विकत घ्यायची आणि चालवून बघायची. कशासाठी? तर तात्यांसाठी.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज ब्रह्मदेशातून मणिपुरात शिरली, तेव्हा उखरूलच्या बाजूला सांगशाक नावाच्या डोंगरावरच्या गावात आपली पॅराशूट ब्रिगेड आणि मराठ्यांची चौथी बटालियन तिला आडवी उभी राहिली. २२ ते २६ मार्च लढाई चालली. त्या डोंगरावर पाणी नव्हतं. तात्या लढाईचं फारसं बोलत नसत, पण पाण्याचं बोलत. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पोरं घागरी घेऊन रडकुंडीला यायचो, तेव्हा म्हणायचे, "ह्ये काय न्हाई. तिथं तोंडात थुकी सुदीक न्हवती." आणि जपान्यांबद्दल त्यांचं एकच वाक्य असायचं. "उपाशी व्हती रं ती पोरं."

ते खरंच होतं. त्या जपानी फौजेला जेमतेम तीन आठवडे पुरेल एवढंच धान्य देऊन डोंगरात धाडलं होतं. पुढचं म्हणे इंग्रजांच्या कोठारातून लुटायचं. लूट काही मिळाली नाही आणि पाऊस सुरू झाला. सांगशाकला जी डिव्हिजन लढली ती पुढं कोहिमाला गेली. तिचा सेनापती साटो यानं शेवटी वरचा हुकूम मोडला आणि माणसं मागं वळवली. त्या माघारीत गोळीनं मेले त्याहून जास्त भुकेनं आणि रोगानं मेले.

आता आपल्याकडं असली बंदूक घ्यायची कुणाच्या मनातही येत नाही. शेतीच्या संरक्षणाला परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीचा. त्यालाही तालुका, पोलीस ठाणं, कलेक्टर कचेरी असे हेलपाटे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. पोलिसांच्या हातात आपण बघत आलो ती थ्री-नॉट-थ्री लष्करी मापाची, म्हणून सामान्य माणसाला बंदच. परवानाधारकासाठी सरकारी कारखान्याची थ्री-वन-फाइव्ह नावाच्या वेगळ्या मापाची बंदूक असते. तिकडं मात्र भाच्यानं दुकानात एक फॉर्म भरला, दुकानदारानं त्याचं नाव कॉम्प्युटरवर तपासून घेतलं आणि अर्ध्या तासात काम झालं. कुठली पद्धत बरी हा वेगळा विषय आहे. माझा प्रश्न दुकानात उभा राहिला तो निराळाच होता.

दुकानात तसल्या दोन रायफली होत्या. दोन्ही एकाच जातीच्या, अरिसाका. हे नाव ज्या लष्करी अधिकाऱ्यानं तिचं मूळ काम बसवलं त्याचं. १९०५ साली आली ती अडतीस नंबरची, १९३९ साली आली ती नव्व्याण्णव नंबरची. ह्या दोन्ही नव्व्याण्णव नंबरच्या होत्या. वजन पावणेचार-चार किलो, पाच गोळ्या बसतात, आणि प्रत्येक गोळीला खटका हातानं मागं-पुढं करायचा. मला हात लावायचा नव्हता. पाहुण्या व्हिसावर आलेल्या माणसाला शिकारीचा परवाना असल्याशिवाय तिथला कायदा बंदूक हाताळू देत नाही. मी हात पाठीमागं बांधून बघत होतो. दस्त्याकडं नजर गेली. तो एका लाकडाचा नव्हता, खालचा तुकडा वेगळा काढून सांधा मारून बसवला होता. आमचा सुतार नांगराला लाकूड कमी पडलं की असाच सांधा मारायचा. असा सांधा मारला म्हणजे जाड लाकूड लागत नाही. कुठल्यातरी जपानी सुतारानं काळजीनं केलेलं काम होतं ते, आणि माझ्या मनात पहिल्यांदा त्या कारागिराबद्दल आदरच आला. तेही लिहिलं पाहिजे.

मग भाच्यानं नळीच्या मुळाशी, वरच्या बाजूला बोट दाखवलं. एकीवर सोळा पाकळ्यांचं फूल कोरलेलं होतं, दुसरीवर त्या जागी नुसत्या कानशीचे ओरखडे.

"मामा, हे जपानच्या बादशहाचं चिन्ह. कोणतं फूल आहे ओळखा."

ओळखायला काय लागतंय? शेवंती होती. एका वर्षी वीस गुंठे शेवंती लावून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मी रात्रीच्या टेम्पोनं पोती पाठवलीत. फूल असलेली प्रत्येक बंदूक बादशहाची समजली जायची. १९४५ साली जपान शरण गेला, तेव्हा बंदुका जमा करताना त्यांच्यावरचं फूल घासून टाकलं. बादशहाची खूण परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून, असं सांगतात. त्यामुळं जिच्यावर फूल शाबूत आहे, ती बहुतेक शरणागतीच्या आधी, लढाईच्या मैदानावर उचललेली असते. अमेरिकी सैनिकांनी अशा बंदुका निशाणी म्हणून घरी नेल्या. ते म्हातारे वारल्यावर त्या बाजारात येतात. आणि फूल असलेलीची किंमत होती दुसरीच्या जवळजवळ दुप्पट.

भाचा म्हणाला, "मी फुलाची घेणार. ती खरी. तात्याआजोबांच्या समोर असली तर अशीच असणार."

मी म्हणालो, "आरं, दोन्ही बंदुका सारख्याच चालतात ना?"

"सारख्याच."

"लाकूड, लोखंड तेच?"

"तेच."

"मग वरचे पैसे कशाचे देतोस?"

तो म्हणाला, "इतिहासाचे."

मला ते उत्तर अर्धं पटलं आणि अर्धं नाही. कारण मैदानावर उचललेली म्हणजे कुणाच्या तरी हातातून उचललेली. ते पोरगं मेलं असेल नाहीतर पळालं असेल, पण बहुतेक मेलंच असेल. ती बंदूक आपल्या मर्जीनं कुणी खाली ठेवलेली नाही. वरचे पैसे त्या मरणाचे होते, फक्त नाव इतिहास. आणि ते पैसे त्या पोराच्या आईला मिळणार नव्हते. इथं मला आमचे दोन सौदे आठवले. बैलाचे जास्तीचे पैसे त्या बाईच्या पदरात पडत होते. तिला विकायचं होतं, शेजाऱ्याला औतासाठी बैल हवे होते. ट्रॅक्टरच्या लिलावात जो काही फायदा होता तो दुसऱ्याच्या पडण्याचा होता. गाव दुःखाच्या घरातली वस्तू घ्यायला नाही म्हणत नाही. दुःखामुळं जो जास्तीचा नफा किंवा मान मिळतो, तो घ्यायला नाही म्हणतं.

भाचा शिकलेला आहे, तो गप्प बसणारा नाही. म्हणाला, "मामा, खंडेनवमीला तुम्ही कोयत्याला हळदकुंकू वाहता. त्याच कोयत्यानं भावकीत डोकी फुटलेली आहेत. घराघरात जुन्या तलवारी आहेत, त्या काय भाजी चिरायला होत्या?"

हा प्रश्न खोटा नाही. लोखंडाला पाप लागत नाही असंच मी मानतो. लागत असतं तर आम्हाला एक अवजार वापरता आलं नसतं. पण आपल्या घरातली तलवार आपल्याच माणसाची असते. तिचं चांगलं-वाईट आपल्या नावावर असतं. कुणी विचारलं तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. परक्या मेलेल्या पोराची बंदूक कपाटात ठेवून जास्तीचा मान आपण घ्यायचा, आणि त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही, हे वेगळं. संग्रहालयात ठेवलेली बंदूकही वेगळी. तिथं कुणी 'माझी' म्हणत नाही.

"मग घेऊच नको म्हणता?"

"तसं न्हाई. घासल्याली घे."

त्याचं कारणही मी त्याला सांगितलं. घासलेली बंदूक म्हणजे कुणीतरी खाली ठेवलेली बंदूक. हुकूम आला, लढाई संपली, बंदूक ढिगावर टाकली, आणि तो माणूस, नशीब असलं तर, घरी गेला असेल. शेती करणारा असेल तर पुढच्या हंगामाला भात लावला असेल. तात्याही असेच परत आले. पलटणीचा इनॅमलचा मग तेवढा आणला, दुसरं काही नाही, आणि माळावर बाजरी पेरायला लागले. त्यांची आठवण ठेवायची तर खाली ठेवलेल्या बंदुकीत ती जास्त खरी आहे.

यातली कच्ची बाजू मलाही दिसते. घासलेल्या बंदुकीनंही माणसं मेली असतील. कानशीनं फूल जातं, केलेलं जात नाही. म्हणून मी फरक बंदुकीत शोधत नाही, घेणाऱ्यात शोधतो. एकच वस्तू दोघं घेतात, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टीचे पैसे मोजतात.

भाच्यानं थोडा वेळ विचार केला आणि घासलेली घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मामा, तुमचं पटलं म्हणून नाही हं. स्वस्त पडली म्हणून." बहीण मागं बसून हसली. मी म्हणालो, "चालंल."

आधी त्यानं ती जाणत्या कारागिराला दाखवली. ते शहाणपणाचं होतं. जपानात शाळकरी पोरांच्या कवायतीसाठी हलक्या लोखंडाच्या तसल्याच दिसणाऱ्या बंदुका केलेल्या होत्या, त्यातून खरी गोळी उडवली तर तोंडावर फुटायची. ही पक्की निघाली. मग आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. एकेका काडतुसाला दोन-अडीच डॉलर. त्यानं शंभर यार्डांवर गोल आखलेला कागद लावला. कानावर टोप्या घालूनही आवाज छातीत बसला. खांदा मागं ढकलला गेला. पाचातल्या दोन गोळ्या कागदावर लागल्या. खांदा चोळत, हसत म्हणाला, "मजा आली!"

त्या मजेचं मला वाईट वाटलं नाही. गोफणीनं लांबच्या बाभळीवर खडा बसला की आम्हालाही असंच वाटायचं. नेम साधण्यात आनंद आहे, तो माणसाला जन्मजात आहे. पण शेजारच्या जागेवर एकानं माणसाच्या आकाराचा कागद लावला होता आणि तो छातीवर नेम धरत होता. बंदूक कसली होती मी बघितलंही नाही. माझी नजर कागदावर होती. स्वतःच्या जिवाच्या राखणीचा सराव करत असेल, मला त्याच्या मनातलं काय कळणार? तरी भाच्याला मी एवढं सांगितलं, की तू या बंदुकीसमोर तसला कागद लावू नकोस. ती एकदा खाली ठेवलेली आहे.

वस्तू निर्दोष असते, हे सांगून माणूस सुटत नाही. बाजारात मरणाची किंमत लावणारे नेहमी असतात. कधी त्याला निशाणी म्हणतात, कधी इतिहास, कधी लिलाव. आपल्या हातात एवढंच आहे, की पैसे काढताना स्वतःला विचारायचं, यातले वस्तूचे किती आणि कुणाच्या पडण्याचे किती. आमचे लोक 'कुणाची हाय' विचारतात ते यासाठीच. आता कळसमध्येही जुन्या वस्तू मोबाइलवर बघून घेतात, विकणाऱ्याचं तोंड दिसत नाही, आणि हे विचारणं मागं पडत चाललंय. पोरांनी काय घ्यावं ते त्यांनी ठरवावं. पण विचारायचं सोडू नये.