थांबेल की नाही?

संगणकशास्त्राच्या पदवीला 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' नावाचा पेपर असतो. त्यात संगणक जवळजवळ नसतोच. कागद, पेन्सिल आणि कल्पनेतले यंत्र. आमच्या उर्दू शाळेतून पुढे गेलेली मुले सुट्टीत भेटली की कुरकुरतात, "सर, नोकरीत याचा काय उपयोग?" आम्हाला मात्र त्या अभ्यासक्रमात नीतीचा धडा कुठे असेल तर याच पेपरात दिसतो.

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पायरीपायरीने नियम पाळा, उत्तर मिळेल. पण असे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे १९३६ मध्ये अमेरिकेत चर्चने आणि इंग्लंडात ट्युरिंगने स्वतंत्रपणे सिद्ध केले. ट्युरिंगला तेव्हा चोविसावे वर्ष चालू होते.

कोणताही प्रोग्राम थांबेल की अखंड चालत राहील, हे सांगणारा एक परीक्षक-प्रोग्राम आहे असे समजा. मग त्यालाच निकाल विचारून नेमके उलट वागणारा प्रोग्राम लिहिता येतो. त्याने स्वतःविषयी विचारले की परीक्षक खोटा पडलाच!

थांबलेला प्रोग्राम दिसतो. न थांबलेला मात्र अजून थांबायचा आहे की कधीच थांबणार नाही, हे नुसती वाट पाहून कळत नाही. एक संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. २७ पासून निघालात तर ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ वर येता. पन्नासाव्या पायरीला "ही काही उतरायची नाही" म्हणणारा फसला.

मूल म्हणजे यंत्र नव्हे. प्रमेय उचलून माणसाला, ईमानाला चिकटवणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे. पण एक सवय उसनी घेण्यासारखी आहे. व्यवहारात प्रोग्रामला मुदत घालतात. ती संपली की यंत्र 'वेळ संपली' एवढेच सांगते, 'याला जमणार नाही' असे म्हणत नाही. ते आपण उस्ताद लोक म्हणतो.

सातवीत अडखळत वाचणाऱ्या पोरासाठी आमच्याकडेही अमर्याद वेळ नाही. एप्रिलमध्ये निकालपत्रक भरावेच लागते. 'वाचता येत नाही' लिहायचे की 'अजून वाचता येत नाही'? तो शेरा वाचून बाप ठरवतो, पोराला शाळेत ठेवायचे की गॅरेजवर धाडायचे.